सगळ्या भावांचं एकच नाव

सासऱ्यांना नावाने हाक मारायला माझी जीभ अजून रेटत नाही. न्यूझीलंडमध्ये सगळ्या सुना तशीच हाक मारतात. मी "डॅड" म्हणते.

निवृत्त झाल्यापासून डॅड पूर्वजांच्या शोधाला लागले होते. त्यांचे पणजोबा कॅनडातल्या क्युबेकचे, फ्रेंच बोलणारे. सोन्याच्या शोधात इथल्या ओटागो प्रांतात आले आणि इथेच लग्न करून राहिले. त्याच्याही कितीतरी आधी, क्युबेक फ्रान्सची वसाहत असताना, घराण्याचा मूळपुरुष शिपाई म्हणून समुद्र ओलांडून तिथे गेला होता. पलटणीत त्याला पडलेलं टोपणनावच पुढे आडनाव झालं.

"आमचंही तसंच," मी म्हटलं होतं. "मूळ आडनाव वेगळं, गावावरून पडलं ते वेगळं." तेव्हापासून ते दर रविवारी हॉर्नबीला आमच्या घरी लॅपटॉप घेऊन यायचे. मला सातवा महिना होता. मुलगा झाला तर पणजोबांचं नाव ठेवायचं, हे ठरलेलं होतं.

एका रविवारी आले, पण लॅपटॉप उघडेनात. बाळंतपणासाठी आलेल्या माझ्या आईने चहा पुढे केला. "व्याहीबुवांचा चेहरा का उतरलाय गं?"

"ते नाव नको ठेवूया," डॅड म्हणाले. चर्चच्या जुन्या नोंदींत त्यांना पणजोबांचं क्युबेकमधलं लग्न सापडलं होतं. बायको, मुलं, सगळं. म्हणजे तो संसार टाकून इथे दुसरा मांडला. "माझे वडील त्यांच्याबद्दल किती अभिमानाने बोलायचे!"

"डॅड, तेव्हा हीप्स, ढिगाने लोक असे पळून आले," नवरा म्हणाला. डॅडनी लॅपटॉप बाजूला सारला.

आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेली मी पहिली. तालुक्याच्या शाळेतल्या बाई म्हणायच्या, "शेवटच्या शब्दापर्यंत वाच, मग पेन उचल." त्या एका सवयीवर मी इंजिनिअर झाले, इथवर आले. त्या दिवशीही तीच सवय कामी आली. मी लॅपटॉप ओढून घेतला आणि पणजोबा नि त्यांच्या भावंडांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी एकाखाली एक लावल्या. प्रत्येक मुलाचं पहिलं नाव जोसेफ. प्रत्येक मुलीचं मारी.

"सगळ्यांचं एकच?" आई म्हणाली. "मग जेवायला हाक कशी मारायचे?"

मला एकदम माझं पत्रिकेतलं नाव आठवलं. ते फक्त पूजेच्या वेळी गुरुजींना सांगायचं. त्या नावाने कोणी हाक मारली तर मी वळूनही बघणार नाही. या लोकांचंही तसंच असणार. पहिलं नाव संताचं, सगळ्यांना सारखं. हाकेचं नाव शेवटी. आम्ही मात्र पहिलं नाव आणि आडनाव तेवढं जुळवत होतो. मधली नावं शोभेची समजून सोडून देत होतो.

ओटागोच्या लग्नाच्या नोंदीत पणजोबांची तिन्ही नावं लिहिलेली होती. क्युबेकच्या लग्नातल्या नवरदेवाचीही तीन होती. तिसरं वेगळं होतं.

"डॅड, हे पणजोबा नाहीत. हा त्यांचा भाऊ."

त्या भावाच्या दफनाची नोंदही त्याच गावात निघाली. तो बायकोमुलांत राहून तिथेच म्हातारा झाला होता. कोणी कोणाला टाकलं नव्हतं.

डॅडनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, तिन्ही नावं पुन्हा वाचली. मग मला म्हणाले, "तुझ्या बाईंना हे कळव." मी खरंच फोन केला. बाई म्हणाल्या, "बघ! वाचलंस ना शेवटपर्यंत?" एवढी शाबासकी मला डिग्रीच्या दिवशीही मिळाली नव्हती.

मुलगाच झाला. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. नवऱ्याला बहीण नाही, म्हणून मी तो डॅडना दिला. पाळण्यावर वाकून त्यांनी "कुर्रर्र" केलं, बाळाच्या कानात पणजोबांचं हाकेचं नाव सांगितलं. नाव सांगणाऱ्याच्या पाठीत धपाटे घालतात, हे मात्र मी त्यांना सांगितलंच नव्हतं. पहिला आईने घातला.

"विहीणबाई!" आईनेच शिकवलेल्या शब्दात ते ओरडले. पण वाकलेलेच राहिले, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्यांनी ते नाव पुन्हा उच्चारलं.