पंगतीतला म्हातारा

हंबीररावांच्या घरात बारा महिने तेरा काळ गोंधळ. मी शेजारची शिवणकामवाली, मशीन चालू असलं तरी मला सगळं ऐकू येतं. आमटीत साखर पडते, चहात मीठ, आणि दोष कुणाचा यावर सगळे एकदम ओरडतात. थोरल्या विश्वजितच्या लग्नाला तर नवरदेवाला घरीच विसरून वऱ्हाड शाहूवाडीला पोहोचलं होतं! हसून हसून माझी पुरेवाट झाली.

त्या लग्नातून आलेली सून वर्षाराणी. पोरगी गुणाची, पण आवाज हळू, आणि त्या घरात हळू बोललेलं कुणाला ऐकूच जात नाही. सासू धोंडुबाई तिला कधी लेकीच्या नावाने हाक मारायची, कधी म्हशीच्या.

"मावशी, मला घरातली कधी म्हणतील वो?" ती विचारायची. मला फार वाईट वाटायचं.

दिवाळीनंतर संध्याकाळच्या पंगतीत एक म्हातारा दिसू लागला. हंबीररावांना वाटलं, बायकोच्या माहेरचा. धोंडुबाईला वाटलं, नवऱ्याच्या तालमीतला. विश्वजितला वाटलं, सासरवाडीचा. जेवायला बसलेल्याला कोण म्हणून विचारणं म्हणजे त्याला ताटावरून उठवणंच, म्हणून कुणी विचारलं नाही. वर्षाराणीला तेवढं दिसायचं, की त्याच्या ताटातली भाकरी संपत नाही, आणि तो आल्यापासून घरातला आवाज रोज थोडा कमी होतोय.

शेवटी वाढताना तिने विचारलंच, "पावणं, तुमी कुणाकडलं?"

म्हाताऱ्याने मान वर केली. "मी घरचाच हाय की. तुमी कुणाकडल्या?"

ती तशीच उठून माझ्याकडे पळत आली. त्याचं बोलणं तिने मला सांगितलं. मी म्हटलं, "चल, मी येते."

घर चिडीचूप होतं. म्हातारा वर्षाराणीच्या जागेवर बसून भाकरी वाढत होता आणि एकेकाला अचूक नावाने हाक मारत होता. आम्हाला बघून धोंडुबाईने पदर सावरला, पाट मांडला, तांब्या पुढे केला. इतक्या अदबीने वागताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

"या की पावणं, लाजू नगा," ती वर्षाराणीला म्हणाली. मग मला हळूच, "इमामबी, कोण म्हणायच्या ह्या?"

वर्षाराणीने घसा फोडून आपलं नाव सांगितलं. पहिल्यांदाच ते सगळ्यांना ऐकू गेलं.

विश्वजित थोडा सरकून बसला. "नाव चांगलं हाय की," तो म्हणाला.