उतरत गेलेली शाल

कोपऱ्यावरच्या कापडाच्या दुकानात जांभळ्या शालीवरची किंमत लाल पेनाने चौथ्यांदा खोडली आहे. सेलसाठी दाराला बांधलेले फुगे हवा जाऊन सुरकुतले आहेत. "दर उतरवला की गिऱ्हाईक अजूनच थांबतं, साहेब," दुकानदार म्हणाला. सगळ्याच वस्तूंचे दर असे उतरत गेले, की अर्थशास्त्रात त्याला चलनघट म्हणतात. स्वस्ताई ऐकायला बरी वाटते, पण सगळेच उद्यावर टाकू लागले की बाजार मुकाट बसत जातो. फुगा फुटला तर निदान आवाज तरी होतो.

बायकोला ही शाल पहिल्याच दिवशी आवडली होती. मीच म्हणालो होतो, "थांब, अजून उतरेल." आज निम्म्यावर आलेली किंमत मी तिला हौसेने दाखवली.

"राहू दे," ती म्हणाली. "आता घ्यावीशीच वाटत नाही."