दहा पौंडांच्या बॉलच्या पोटात

आधी एक चूक दुरुस्त करते. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की माझा नवीन बॉलिंग बॉल दहा पौंडांचा असला तरी आतून तो पंधरा पौंडांच्या बॉलसारखाच आहे, फक्त हलका. तसं नाहीये… आणि हे मला घाटकोपर मेट्रोच्या बॅग स्कॅनरपाशी कळलं.

ज्यांनी ती पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अंधेरीला ऑफिसजवळ बॉलिंग सेंटर आहे, तिथे आमची टीम रविवारी खेळते. तिथले भाड्याचे बॉल प्लास्टिकचे, ते नाकासमोर जातात. हाय-परफॉर्मन्स बॉल तेल लावलेल्या लेनवरून सरळ घसरत जातो आणि शेवटी झपकन आत वळतो. आमच्या टीममधला निनाद तसा बॉल टाकतो, आणि तो वळताना बघून मी खेळायला लागले.

पण तिथला चौदा पौंडांचा बॉल हट्टाने टाकून माझं मनगट सुजलं. चहाचा कप उचलवेना. डॉक्टर म्हणाले, दहाच्या वर जायचं नाही, नाहीतर खेळ सोड. म्हणून मी निनादचाच पंधरा पौंडांचा बॉल दहा पौंडांत मागवला. तेच नाव, तोच गडद निळा रंग.

आमच्या घरात शाळा पूर्ण केलेली पहिली मीच. त्यामुळे मी जे वाचून सांगते ते घरी खरं धरतात, आणि छापलेलं मी खरं धरते… खोक्यावर नाव एकच, म्हणजे आतलंही एकच, असं मी घरी सांगितलं आणि मग इथेही लिहून मोकळी झाले. एका मैत्रिणीने खाली कमेंट केली होती की लेकीसाठी असाच मागवते. तिला मी आधीच फोन करून थांबवलंय.

तर… रविवारी बोटांची भोकं पाडून घ्यायला बॉल अंधेरीला न्यायचा होता. सकाळी आंघोळ करून बाहेर आले तर बॉल देव्हाऱ्यासमोर पाटावर. हळदकुंकू लावलेलं, समोर फूल… इथपर्यंत ठीक. पण तो चकाकत होता.

"आई, याला काय लावलंस?"

"अगो, सुको दिसत होतो. म्हणान वायच खोबरेल लावलंय."

हा बॉल तेल शोषून घेतो आणि तेल प्यायला की वळणं कमी होतं, एवढं मी वाचलं होतं. फडक्याने पुसायला गेले तर फडकं जवळजवळ कोरडं. तेल आत गेलेलं… आई शांत. "नवीन वस्तूक तेल लावूकच व्हया," म्हणाली आणि डबा भरायला लागली. तिच्या नव्या विळीला, पाट्यावरवंट्याला तिने असंच लावलं होतं.

निनाद मुलुंडहून आला, घाटकोपरला भेटला. त्याला तेलाचं सांगितलं तर तो जिन्यावर थांबून हसला. "आता याचं लोणचं घाल यार."

मेट्रोच्या मशीनमध्ये आधी त्याची बॅग गेली, मागोमाग माझी. गार्डने पट्टा थांबवला. स्क्रीनवर दोन गोल, शेजारी शेजारी. निनादच्या बॉलच्या पोटात एक आकार दिसत होता… वाकडा, एका बाजूला फुगलेला, उलट्या बल्बसारखा. माझ्या बॉलच्या पोटात एक साधा गोळा. बस.

"मॅडम, दोनों सेम है क्या?" गार्डने विचारलं.

मी वाकून पुन्हा स्क्रीन बघितली. निनाद हसायचा थांबला होता. "हे काय गं… तुझ्यात कोअरच नाही? त्या गाभ्यानेच तर बॉल वळतो."

अंधेरीपर्यंत मी बॅग मांडीवर घेऊन बसले. एकच डोक्यात… म्हणजे हा वळणारच नाही. मग मी मनगट सांभाळून करायचं काय.

भोकं पाडून देणारे दळवी स्वतः पूर्वी खेळायचे. त्यांना स्कॅनरचं सांगितलं. ते म्हणाले, स्क्रीनवर दिसलं ते खरं. बॉल फार हलका केला की तो जड गाभा आत मावत नाही, म्हणून बऱ्याच कंपन्या खालच्या वजनात साधा गाभा घालतात. नाव मात्र तेच ठेवतात. या मॉडेलमध्ये बारा पौंडांपासून तो वाकडा गाभा मिळतो, आणि अजून भोकं पाडलेली नाहीत तर बॉल बदलून मिळेल.

बारा. दोनच पौंड जास्त… मी दुकानातला बारा पौंडांचा बॉल हातात घेतला. मनगटातून कोपरापर्यंत कळ गेली. निनाद माझ्याकडे बघत होता, मी बॉल खाली ठेवला.

मग घाबरत तेलाचं सांगितलं. दळवींनी माझा बॉल कोमट हवेखाली ठेवला. थोड्या वेळाने त्याच्या अंगावर बारीक थेंब उमटले आणि दुकानभर खोबरेलाचा वास सुटला. वेणी घालायला बसल्यासारखं वाटलं.

"प्लास्टिकचा असता तर तेल वरच राहिलं असतं," दळवी पुसता पुसता म्हणाले. "हा प्यायलाय. म्हणजे वरची साल अस्सल आहे. निम्मं वळण सालीचं असतं. निनादच्या बॉलइतका नाही वळणार, पण वळेल."

मी त्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच म्हणाले. बदलायचा की ठेवायचा ते ठरेना, म्हणून भोकं न पाडताच बॉल घरी आणला.

घरी येऊन आईला सांगितलं की तेल सगळं निघालं. ती म्हणाली, "मगे परत लावूया?" तिला समजावलं… पण तिच्यामुळेच कळलं की माझ्या बॉलमध्ये नावापलीकडेही काहीतरी खरं आहे.

दळवींचं दुकान सोमवारी-मंगळवारी बंद असतं. दहाच पौंडांचा ठेवतेय. भोकं बुधवारी, ऑफिस सुटल्यावर.