भरून आलेला पेनड्राइव्ह

सप्ताह संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच माझे चुलत दीर पेनड्राइव्ह परत द्यायला आले. त्यांचा आमच्याच गावात, रिह्यात, मंडप आणि स्पीकरचा धंदा आहे. प्लास्टिकच्या पिशवीत नारळ, चुरमुऱ्यांचा प्रसाद आणि तळाशी माझा पेनड्राइव्ह. "चेक करून घ्या वहिनी, एकदम भारी करून आणलाय," म्हणाले. मी ऑफिसच्या कॉलवर होते, नुसती मान हलवली. कॉल चालू असतानाच पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला तर पडद्यावर फायलींची लांबलचक रांग उलगडली. गवळणी, भारुडं, कुणाच्या तरी वरातीतली डीजेची गाणी. खालपर्यंत गेले, पुन्हा वर आले. माझ्या सासऱ्यांचं, मामांचं, त्यात काहीही नव्हतं. तिकडे कॉलवर कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं. मी आवाज बंद केला आणि कॅमेराही बंद केला.

सासऱ्यांच्या घशाचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटून गेलं होतं. कॅन्सरमुळे स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. ज्या माणसाने सगळी हयात देवळात काकडा म्हटला, बांधावर उभं राहून पार ओढ्यापलीकडच्या माणसाशी गप्पा मारल्या, तो आता टाळी वाजवून लक्ष वेधतो आणि बोटांनी बोलतो. ऑपरेशन ठरल्या दिवसापासून मी माइक घेऊन त्यांच्या मागे लागले होते. काकडा तर रेकॉर्ड केलाच, पण पखवाजवाल्याला झापताना, म्हशीची समजूत काढताना, जेवताना, जे सापडेल ते. माइकला काळा स्पंज होता. "ह्ये वांगं धरून किती हिंडशील गं?" असं ते विचारायचे. तेही त्यात होतं.

पुढे लॅपटॉपमधली जागा भरली म्हणून मी ते सगळं पेनड्राइव्हवर हलवलं. आमच्या खोऱ्यात नेट मनाला येईल तेव्हा असतं, त्यामुळे ऑनलाइन चढवायचं उद्यावर जात राहिलं. नवऱ्याच्या फोनमध्ये दोन-चार तुकडे होते, पण त्यात वाऱ्याचाच आवाज जास्त.

मी लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स वापरते. नवरा याला माझं सोवळं म्हणतो. लिनक्सवर काम करणाऱ्या माणसाला एक खोड लागते, ती म्हणजे प्रत्येक डिस्कला कुठली फाइलसिस्टीम द्यायची याचा विचार करत बसणं. फाइलसिस्टीम म्हणजे मांडणी. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या स्वयंपाकघरात मला महिनाभर जिरं सापडत नव्हतं. डबे होते, डब्यांत जिन्नसही होते, फक्त मांडणी दुसऱ्याची होती. डिस्कचंही तसंच असतं. लिनक्सला बहुतेक सगळ्यांची मांडणी कळते. स्वतःची ईएक्सटी-फोर, मोठ्या सर्व्हरवरची एक्सएफएस, जुन्या स्थितीकडे परत नेणारी बीटीआरएफएस, विंडोजची एनटीएफएस, आणि फॅट-थर्टीटू तर गाडीतल्या टेपपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांनाच कळते. उलट बाजूने मात्र हे खरं नाही. ईएक्सटी-फोरचा पेनड्राइव्ह साध्या विंडोजच्या लॅपटॉपला लावला, की आत काय आहे ते त्याला वाचता येत नाही, आणि तो सरळ म्हणतो, आधी फॉरमॅट करा.

मी पेनड्राइव्हला ईएक्सटी-फोर दिली होती, कारण रिह्यात लाइट कधीही जाते. ही फाइलसिस्टीम पुढे काय करणार आहे याची आधी नोंद ठेवते आणि मग करते, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी घोटाळा होत नाही. लाइटचा विचार मी केला. माणसांचा केला नाही.

सप्ताहात पहाटेचा काकडा भोंग्यावर सासऱ्यांच्याच आवाजात लावायचा, ही कल्पना भाऊजींची. मी पेनड्राइव्ह दिला आणि हिंजवडीला ऑफिसच्या कामात अडकले. पहिल्याच पहाटे सासरे धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून पुढच्या सतरंजीवर जाऊन बसले आणि आवाज लागलाच नाही. दुसऱ्या कुणीतरी काकडा म्हटला. हे सासूबाईंनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. भाऊजींच्या स्पीकरच्या मशीनला फॅटशिवाय काही कळत नसणार, हे मला सुचायला हवं होतं. पण काळजी वाटली नाही. म्हटलं, लागला नाही तर नाही, आत सगळं सुखरूप आहे.

आता मी कॉल सोडून अंगणात आले. भाऊजी गाडीला किक मारत होते.

"भाऊजी, यात मामांचं रेकॉर्डिंग होतं."

"कुटं व्हतं? रिकामाच व्हता की," ते म्हणाले. "मशीन घीना, म्हनून लॅपटॉपला लावला. त्यो म्हनला फॉरमॅट करा. म्या केला."

"आणि ही गाणी?"

ते जरा लाजल्यासारखे हसले. "रिकामा कसा परत द्यायचा वहिनी? बरं दिसतं व्हय? म्हनून भरून दिला."

आमच्याकडून कालवणाचं पातेलं शेजारी गेलं की ते रिकामं परत येत नाही. मूठभर तांदूळ, दोन लिंबं, निदान चिमूटभर साखर तरी त्यात असते. लग्नानंतर या घरातली मला सगळ्यात आधी आवडलेली रीत हीच होती. नुसतं फॉरमॅट केलं असतं तर काळजी नव्हती. फॉरमॅट केल्यावर मांडणीची नोंद पुसली जाते, जिन्नस बराचसा जागेवर असतो आणि काढता येतो. पण त्यावर दुसरं काही ओतलं की खालचं गेलं. भाऊजींनी प्रेमाने गच्च भरून दिलं होतं. मी त्यांना काय वाट्टेल ते बोलले असते, पण त्यांचा चेहरा इतका समाधानी होता, की मी तडक आत जाऊन दार आपटलं.

पिरंगुटहून ड्यूटी संपवून नवरा आला, त्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे गं. त्यानं काय मुद्दाम केलंय व्हय?" मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं, निदान मनसोक्त भांडता तरी आलं असतं. हे मी त्याला ओरडूनच सांगितलं.

पुढचे दिवस मी घरात कुणालाच नकोशी झाले असणार. पेनड्राइव्हला हात न लावता आधी त्याची जशीच्या तशी नक्कल उतरवून घेतली, मग त्या नकलेवर शोधायचं काम लावलं. हे काम मांडणीकडे बघत नाही. ते एकेक कण तपासत जातं आणि आवाजाची फाइल जिथे सुरू होते ती खूण दिसली की तिथून उचलतं. नावं मिळत नाहीत, क्रमही मिळत नाही. पडद्यावर टक्के सरकतात, तेही इतके हळू, की बसून बघवत नाही आणि उठून जाववत नाही. मी भांडी घासायला घ्यायचे आणि निम्म्यात सोडून हात पुसत पुन्हा लॅपटॉपसमोर यायचे. रस्त्यापर्यंत चालत जायचे, कोळवणकडची जीप धूळ उडवत गेली की तिच्याबरोबरच परत फिरायचे. पलीकडच्या फार्महाऊसवर पुण्याची माणसं शनिवारी मोठ्याने गाणी लावतात, त्यांच्यावर मी अंगणातून ओरडलेसुद्धा. त्यांनी हात हलवला, त्यांना वाटलं मी नमस्कार करतेय.

घरात कुणी सासऱ्यांना काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. ते पडवीत माझ्या शेजारी खाट ओढून बसायचे. पडद्याकडे बोट दाखवायचे आणि भुवया उडवायचे. "चाललंय मामा," मी म्हणायचे. त्यांची बोटं खाटेच्या लाकडी गातावर सारखी वाजत असायची, टाळाच्या ठेक्यात. मला ते बघवत नव्हतं. स्वतःचा आवाज पुन्हा ऐकायचा म्हणून माणूस असा ताटकळत बसतो, आणि तो मिळेलच असं त्याला सांगता येत नाही, याच्याइतकं वाईट मला बऱ्याच वर्षांत काही वाटलं नव्हतं.

शोध संपला. काकडा मी सगळ्यात आधी कॉपी केला होता. तो पुढच्या जागेत असणार, आणि भाऊजींची गाणीही पुढूनच भरत गेली होती. काकडा गेला. म्हैस गेली, पखवाजवाला गेला. मी एकेक तुकडा उघडून ऐकत होते आणि प्रत्येकात डीजे नाहीतर खरखर. कानातून हेडफोन काढून ठेवला तेव्हा डोळे चुरचुरत होते. सासऱ्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बोटं वाजवायची थांबवली.

"काकडा नाही मिळाला मामा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. एवढीच, समजल्यासारखी. मग हाताने विचारलं, बाकी काय? एक तुकडा ऐकायचा राहिला होता, अगदी छोटा, पार शेवटच्या जागेतला. आता लपवायचं काय म्हणून मी हेडफोन न लावता तो तसाच मोठ्याने लावला.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग घसा खाकरणं. आणि मग त्यांचा आवाज, भरदार, थोडा वैतागलेला, घरभर गेला. "अगं ए, दार लाव की. कुत्रं आत आलंय."

"लावते, लावते," मागच्या अंगणात भांडी घासणाऱ्या सासूबाई तिथूनच म्हणाल्या.

मग मागे भांड्यांचा आवाज थांबला. तुकडा तेवढाच होता, पुढे खरखर सुरू झाली होती, ती मी बंद केली. सासूबाई राखेने भरलेले हात तसेच घेऊन मधल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. लॅपटॉपकडे त्यांनी बघितलंच नाही, नवऱ्याकडे बघत होत्या. इतके दिवस त्यांना कुणी "अगं ए" म्हणून हाक मारली नव्हती. टाळी वाजली की त्या येत. आम्ही सगळे काकडा काकडा करत बसलो होतो आणि त्या माउलीचं नेमकं काय गेलंय हे आमच्यातल्या एकालाही कळलं नव्हतं.

सासऱ्यांचे खांदे हलत होते. हसताना त्यांचा आता आवाज येत नाही. त्यांनी एक बोट वर केलं, पुन्हा लाव.

मी पुन्हा लावलं. खुर्ची सरकली, घसा खाकरला, हाक आली. या वेळी सासूबाई पदराला हात पुसत पडवीतून पुढे गेल्या आणि उघडं असलेलं दार ओढून त्यांनी कडी घातली.