वेगळे आहोत, एवढं लिहून द्या

शहाद्यात आम्ही भाड्याने राहत होतो ती एकच खोली होती, आणि त्या खोलीतला माझा सगळ्यात मोठा जाच म्हणजे माझे थोरले दीर. माणूस देवासारखा, म्हणून तर डोक्याला जास्त ताप. वाईट असते तर शिव्या तरी देता आल्या असत्या. सगळे त्यांना आबा म्हणत. सारंगखेड्याच्या अलीकडे तापीकाठी आमची एकत्रातली शेती होती, ती आबा बघत. माझे यजमान शहाद्याच्या शाळेत मास्तर. बाजाराच्या दिवशी आबा बैलगाडी घेऊन यायचे, दारात एकदा खाकरायचे आणि खाकरण्याच्या पाठोपाठ आत. हातातली भाकर परातीत टाकून मी पदर ओढेपर्यंत ते खाटेवर बसलेलेसुद्धा असायचे.

आमच्यात थोरल्या दिरासमोर बाईने तोंड उघडं ठेवायचं नाही, बोलणं तर लांबच राहिलं. मोठ्या घरात हे निभतं. बाई आत, दीर ओसरीवर, मधे भिंत. एका खोलीत काय करावं माणसाने? मी चुलीकडे तोंड करून भिंतीला चिकटून बसायची. आबा जेवायचे, मग भावाशी कापसाच्या गप्पा, मग तिथेच आडवे. मी तशीच बसलेली, उपाशी, कारण त्यांच्यासमोर घास घ्यायची सोय नाही. पोटात मूल होतं तेव्हाही हेच. संध्याकाळी ते गेले की ताटावर बसायची, तर भूक मरून गेलेली असायची. आणि दाराशी बघावं तर ज्वारीचं पोतं, मिरच्या, केळीचा घड. रागवायचं तरी कोणावर?

म्हणून मला घर हवं होतं. दागिन्यासारखं मिरवायला नको होतं. एक माजघर, त्याला एक दार, आणि दाराआड बसून वेळेवर चार घास खाता आले की माझं भागलं.

असं घर आमच्याच गल्लीच्या टोकाला होतं. एका म्हाताऱ्या कंपाउंडरचं. तो मुलाकडे सुरतेला राहायला निघाला होता. धाब्याचं घर, मातीचं छत, एकामागे एक तीन खोल्या आणि मधल्या खोलीला सागाचं दार. ते दार मी जाता-येता बघून ठेवलं होतं. सारंगखेड्याची यात्रा होईपर्यंत थांबतो, पुढे नाही, असं त्याने सांगितलं.

आता मास्तराचा पगार तो केवढा! यजमान मुलांच्या पाटीवर हिशेब मांडायचे, पुसायचे, परत मांडायचे. चहा बंद केला. मी माझ्या बांगड्या पुढे केल्या. एवढं करूनही अर्धंच जमलं. उरलेल्यासाठी बाजारपेठेतल्या शेठजींकडे जायचं ठरलं. शेठजी मारवाडातले, कापडाचं दुकान, आणि आतल्या गादीवर देणंघेणं. युक्ती अशी की जे घर घ्यायचं तेच घेतल्या दिवशी त्यांच्याकडे गहाण ठेवायचं, राहायचं आपणच, आणि दर महिन्याला फेडत जायचं. मला समजायलाच वेळ लागला. शेजारणीला समजावायला गेले तर ती म्हणाली, म्हणजे बाई तुम्ही घर घेताघेताच घालवताय की! मी कपाळावर हात मारून परत आले.

शेठजी गोड माणूस. कधी नाही म्हणाले नाहीत, कधी हो म्हणाले नाहीत. दर खेपेला आणखी एक कागद. शाळेचा पगाराचा दाखला झाला, हेडमास्तर जामीन झाले, कंपाउंडरचं जुनं खरेदीखत झालं. आता संपलं म्हणावं तर शेठजी म्हणाले, तुम्ही दोघे भाऊ एकत्र. उद्या थोरला उठून म्हणाला की घर एकत्र कुटुंबाचं आहे, तर माझं गहाण कुठे राहिलं? तेव्हा तुम्ही विभक्त आहात आणि या घरावर त्याचा काही हक्क नाही, एवढं थोरल्याकडून लिहून आणा.

एवढंच ना, असं मला वाटलं. तिथेच घोडं अडलं.

आबा आधी हसले. मग म्हणाले, "आपन कवय येगळा व्हयनूत रे?" आपण कधी वेगळे झालो, असं ते विचारत होते. खरंच झालेलो नव्हतो. यजमान दोनदा खास गावाकडे गेले. सही आणा म्हणून पाठवावं तर हे भरताची वांगी घेऊन परत. दुसऱ्या वेळी गूळ. मी विचारलं, सहीचं काय? तर म्हणाले, आबांचे डोळे भरून आले, मला पुढे बोलवेना. दोघा भावांच्या या मायेपायी माझा जीव मेटाकुटीला आला होता. यात्रा आठवड्यावर आली होती, कंपाउंडर दुसरं गिऱ्हाईक बघत होता, आणि माझ्या घरात रोज वांगी.

यात्रेआधीच्या बाजाराला आबा आले, खाकरले, आत आले, खाटेवर बसले. मी भिंतीकडे तोंड केलं. आज त्यांचा आवाज मोठा खुशीत होता. त्यांनी तोड काढली होती. येताना शेठजींना भेटूनही आले होते, आणि शेठजींना ती एकदम पसंत.

"घरना कागदमा आपली जमीन लिखी टाक," ते भावाला म्हणाले. "मंग येगळं व्हवानं कामच नही."

म्हणजे वेगळं व्हायला नको, पण घराच्या जोडीला सगळी शेतीही गहाण. पसंत का नसणार शेठजींना? यजमान हो म्हणणार हे मला पाठ करून बसूनही कळलं. मास्तराची नोकरी ती काय, वरून एक कागद आला की संपली. मग आमचं घर तर जाईलच, पण जाऊबाई आणि त्यांची चार लेकरं कुठे जातील, हा विचार या दोघा शहाण्यांपैकी एकालाही सुचत नव्हता. मला इतका संताप आला की मी पदर धरून उठले आणि त्यांच्याकडे वळले. मी नंदुरबारच्या शाळेत शिकलेली. रागावले की मला घरची बोली सुचत नाही, शाळेतली मराठी तोंडात येते.

"आबा, जमीन गहाण टाकायची नाही," मी म्हणाले. "आम्ही वेगळे आहोत, एवढं लिहून द्या."

यजमान माझ्याकडे असे बघत राहिले की जणू चूलच बोलली. आबांनी मान खाली घातली. मग उठले, भावाला म्हणाले चल, आणि शेठजींकडे जाऊन मोडीत सही करून आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी चुकीचं बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्यांची जमीन वाचली ती माझ्या त्या बोलण्याने.

घर झालं. वास्तुशांतीला जाऊबाई आल्या, आबा कापूस वेचणीचं कारण सांगून राहिले. रागावलेत का, मी विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, छे, राग कसला, घरात तुझं कौतुकच करतात.

पुढच्या बाजाराला गाडी दाराशी थांबली. यजमान आणि मुलं शाळेत होती. मी माजघरात गेले, सागाचं दार लोटलं आणि मनात म्हटलं, आता बसा खुशाल दिवसभर. खाकरणं ऐकू आलं. पुढे काहीच नाही. पुन्हा खाकरले. मी फटीतून पाहिलं, तर आबा उंबऱ्याबाहेर उभे. जोडे काढलेले, पोतं खांद्यावर तसंच.

"मास्तर शे का घरमा?" त्यांनी विचारलं. "मझार येऊ का?"

सख्ख्या भावाला ते मास्तर म्हणाले. आत येऊ का म्हणून विचारत होते. उत्तर द्यायला घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"आबा, विचारता काय? घर तुमचंच आहे," मी दाराआडून म्हणाले.

"नही माय," ते म्हणाले. "मी लिखी देयेल शे ना."

रुसून बोलले असते तर मी भांडले असते. पण त्यांनी ते अगदी सरळ सांगितलं, व्यवहार सांगावा तसं. सही केली म्हणजे केली, असा तो माणूस. वाकून पोतं उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि ओट्यावर जाऊन उन्हात बसले, भावाची शाळा सुटेपर्यंत.

मी ताट वाढून बाहेर नेऊन ठेवलं. ते तिथेच जेवले. मग मी माजघरात आले, दार नीट लावून घेतलं आणि माझं ताट घेऊन बसले. भूक लागली होती, वेळ जेवणाचीच होती, बघायला कोणी नव्हतं. घास काही केल्या खाली उतरेना.