एकट्याने उचलायचा गोळा

"मॅडम, रिपोर्टमधून 'दोघांनी' काढा. 'एकट्याने' लिहा," कर्नलसाहेब म्हणाले.

"पण साहेब, तोफेवर गोळा दोघं मिळूनच उचलतात. मी रोज बघून राहिले."

"किताब में अकेला लिखा है."

"किताबाची कंबर धरत नाही, साहेब."

त्यांना ते आवडलं नाही. ते नागपूरकडचे, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलत. चिडले की हिंदीत जात.

मी एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट. म्हणजे कोणत्या कामाला अंगात किती ताकद आणि किती दम लागतो, ते मोजणारी बाई. मदन महल भागातल्या माझ्या शेजारणीला अजूनही वाटतं की मी योगा शिकवते. तर आमच्या जबलपूरच्याच एका लष्करी ट्रेनिंग सेंटरने मला बोलावलं होतं. तोफेवर मुलींना घ्यायचं का, याची एक छोटी ट्रायल होती. माझं काम फिटनेसचं एकच स्टँडर्ड ठरवायचं. पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं, असं नाही. जे काम करायचं तेच टेस्टमध्ये करून दाखवायचं. जमलं तर पास, नाहीतर नापास.

म्हणून मी आधी तोफेपाशी जाऊन उभी राहिले. गोळा चाळीस किलोच्या वरचा. जमिनीवरून उचलून तोफेच्या ट्रेवर ठेवायचा, लगेच दुसरा घ्यायचा. जवान तो जोडीने उचलत. मोठे साहेब राउंडवर आले की मात्र एक जण बाजूला सरकायचा आणि दुसरा दात आवळून एकटाच उचलायचा. साहेब गेले की पुन्हा जोडी. मी हवालदाराला विचारलं तर तो हसला. "मॅडमजी, कमर तो अपनी है ना." शहाणपणाचीच गोष्ट होती. मी ती जशीच्या तशी लिहिली.

कर्नलसाहेबांना तीच नको होती. "दोघांनी लिहिलं की उद्या सगळे म्हणतील, मुलींसाठी सोपं केलं."

"अहो, पण काम तसंच आहे!"

"एकट्याने. फायनल."

मी म्हटलं, ठीक आहे. पण मग स्टँडर्ड एकच, तर जे आज तोफेवर आहेत तेही हीच टेस्ट देतील. ते खुशाल हो म्हणाले. त्यांच्या मनात शंकाच नव्हती.

ट्रायलला तीन मुली होत्या. त्यातली सुनीता आमच्यातलीच, जबलपूरची मराठी; ओमती बाजारात वडिलांचं कापडाचं दुकान. दिसायला किडकिडीत. पहिल्या दिवशी तिने गोळा गुडघ्यापर्यंत आणला आणि सोडला. मी तिला शिकवलं, गोळा पोटाशी घे, पाठ ताठ ठेव, जोर मांड्यांचा लाव. ती रोज सगळ्यांच्या नंतर मैदानातून निघायची. मी एकदा रागावले, इतकं कशाला मरतेस? तर म्हणाली, "मॅडम, नापास झाले तर मला स्टोअरमध्ये बसवतील. बाबा म्हणतातच, ऑफिसात काहून नाही बसत? मला नाही बसायचं. मला तोफच पाहिजे."

टेस्टच्या दिवशी बाकीच्या दोघी नापास झाल्या. खऱ्याखुऱ्या नापास, त्यात काही वाद नाही. सुनीताने सगळे गोळे ट्रेवर ठेवले. शेवटच्याला वेळ लागला, पण ठेवला. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या माझ्या एकटीच्याच होत्या.

मग जवान आले. आणि घ्या! निम्म्याहून जास्त लटकले. मजबूत गडी सगळे, पण वर्षानुवर्षं जोडीने उचललेलं. एकट्याने सलग उचलायची सवय कोणाला होती? हवालदाराच्या पाठीत उसण भरली, त्याला धरून न्यावं लागलं. बिचाऱ्याचा काय दोष? कर्नलसाहेब खुर्चीतून उठले आणि गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. "टेस्ट में गड़बड़ है," साहेब म्हणाले. "हे टीमचं काम आहे. गोळा दोघांनी उचलायचा असतो. एकट्याची टेस्ट चुकीची, म्हणून सगळे रिझल्ट कॅन्सल."

मी म्हटलं, "साहेब, मी दुसरं काय सांगून राहिले होते?"

"तो अब मान रहे हैं ना!"

"मग सुनीताची टेस्ट जोडीने घ्या. आज घ्या. ती हसत करेल."

"आता स्टँडर्ड रिव्ह्यूमध्ये आहे. तोवर ट्रायल बंद."

"आणि जवान?"

"ते तर आहेतच ना तोफेवर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आवाज चढवला, वर लिहूनही पाठवलं. डोंबलाचा उपयोग झाला नाही. माझं काम संपलं असं सांगून मला चहा पाजला आणि हातात एक शाल दिली. कॅन्सल झालेल्या टेस्टचा सत्कार!

सुनीताला स्टोअरमध्ये टाकलं. कंबल मोजायचे, बूट मोजायचे. मी निरोप घ्यायला गेले, तेव्हा ती बुटांच्या जोड्या लावून राहिली होती. मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले. तिने मला थांबवलं. "मॅडम, त्या दोघींचं बरं आहे. त्यांना माहीत आहे, काहून काढलं ते."



त्यानंतरही मला अशी कामं विचारायला फोन येतात. सगळ्यांसाठी एकच स्टँडर्ड हवं, असं फार उत्साहाने सांगतात. मी एवढंच विचारते, आधीपासून कामावर असलेले लोक टेस्ट देणार का, आणि ते नापास झाले तर काय करणार? बहुतेक जण म्हणतात, विचारून सांगतो. अजून एकानेही परत फोन केलेला नाही.