न विटलेला निळा

नातीचा फ्रॉक न्यायला शिंपीकाकांच्या दुकानात बसले होते. एक आई आठ-नऊ वर्षांच्या लेकीला उचलून घेऊन आली. मुलीला मान सावरत नव्हती; आईने ती तळहातावर तोलली होती.

"काका, गेल्या वर्षीचा हिचा गणवेश लांब करून द्या. उंची वाढलीय."

शिंपीकाका शाळेच्या प्रत्येक फ्रॉकला खाली चार बोटं दुमड ठेवतात. वर्षाने ती उसवली, की विटक्या निळ्याखाली गडद निळा पट्टा उघडा पडतो. मला तो पट्टा फार आवडतो. वर्षभराचं ऊन, धूळ, धुणं, सगळं त्याच्या वरच्या बाजूला राहिलेलं असतं.

काकांनी दुमड उसवली आणि ते थबकले. पट्टा दिसेचना. आत-बाहेर निळा एकच.

"हिला शाळेत घ्यायचं कबूल करून त्यांनी ऐनवेळी नाही म्हटलं," आई हळूच म्हणाली. "हिला सांभाळायला बाई नाही म्हणे. मग किती शाळा पालथ्या घातल्या. आता पुन्हा तिथंच विचारणार आहे."

मला राग आला. कुणावर, ते कळेना.

काकांनी फ्रॉक मुलीच्या अंगाला लावून पाहिला. लांबी बरोबर आली. पोर चार बोटं वाढली होती आणि गणवेश एका दिवसानेही जुना झाला नव्हता.